ह्यांची 10 वर्षं, माझी 5

आज ह्यांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची कॅमेऱ्याने तपासणी) झाली, रिपोर्ट नॉर्मल, एकही पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतली छोटी गाठ, नाही. काल रात्रीपासून ते पोट साफ व्हायचं औषध ग्लासावर ग्लास पीत होते, शेवटचा तर अक्षरशः नाक दाबून. डॉक्टर म्हणाले आता 10 वर्षांनी या. मी म्हटलं एवढी वर्षं कशी चालतील, तर म्हणाले पॉलिपचा कॅन्सर व्हायलाच साधारण तेवढी वर्षं लागतात, पण शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट टेस्ट केली असती तर ती नॉर्मल आली तरी 1-2 वर्षांनी परत करावी लागते. आणि मधे कधी शौचात रक्त दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच यायचं.

मग बोलता बोलता आईचं निघालं, तिला 54 व्या वर्षी आतड्याचा कॅन्सर झालेला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले ताई, तुमचं गणित वेगळं, तुमची पहिली तपासणी चाळिसाव्या वर्षीच व्हायला हवी होती आणि नॉर्मल आली तरी दर 5 वर्षांनी. मी 47 ची आहे हो! आईच्या आजारपणात किती डॉक्टर झाले, एकानेही आम्हा भावंडांना हे सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षातूनच दादाला फोन लावला, हे शेजारी गुंगीत पेंगत होते. दादाची आणि माझी, दोघांची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी.