दहा-अकराचा पाना

मोटारीच्या दारात, आतल्या पॅनेलमागे, वायरी खुळखुळू नयेत म्हणून एक प्लास्टिकची क्लिप असते. तुम्ही ती पाहिली नसेल; पाहायचं कारणही नाही. मी तिच्यासोबत जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये चार वर्षं काढली. मोटारवाल्या डाइमलरच्या गावात नोकरी लागली म्हणून नाशिकला पेढे वाटले होते आणि इकडे मी स्क्रीनवर क्लिप गोल गोल फिरवत बसलो होतो. तिचा दात ०.२ मिलिमीटरने वाढवावा का, यावर तीन बैठका झाल्या. (नाही वाढवला.) खऱ्या गाडीला हात लावायचं काम दुसऱ्या विभागाचं. माणसं भली, पगार एक तारखेच्या आत. रडायचं तरी कुणापाशी?

तिथे रविवारी दुकानं बंद, घरात ड्रिल चालवायचीही चोरी. अशाच एका रविवारी शहरातल्याच कानश्टाट भागात डाइमलरचं जुनं वर्कशॉप पाहायला गेलो. वर्कशॉप कसलं, बंगल्याच्या बागेतलं काचघर. १८८२ नंतर डाइमलर आणि त्याचा जोडीदार मायबाख तिथे दार लावून इतकी खुडबुड करायचे, की माळ्याला वाटलं, हे खोटी नाणी पाडताहेत. पोलीस आले. सापडली फक्त हत्यारं आणि इंजिनाचे भाग. पुढे १८८५ मध्ये याच दोघांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून दुचाकी केली.

तिथली हत्यारं बघताना मला ग्रीसचा वास आला. तिथे तो येणं शक्यच नव्हतं. वास होता सातपूरच्या मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडचा. बाबांची चेतक स्कूटर त्यांनीच जगवली. पुठ्ठ्यातून गॅस्केट कापायचे, प्लग पॉलिशपेपरवर घासायचे, आणि लांबून आवाज ऐकूनच म्हणायचे, ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आहे.’ इंजिनिअरिंगला गेल्यावर मी त्याला जुगाड म्हणून हसलो होतो. चांगला चार मित्रांसमोर.

परत आलो त्याच आठवड्यात चेतक ढकलत शेडवर नेली. मिस्त्रींनी ती एका अंगावर कलंडवली, किक मारली, कान दिला, आणि नजर न उचलता हात पुढे केला.

“दहा-अकरा दे.”

मी पटकन पाना दिला. त्यांनी तो नुसता तळहातावर तोलला आणि परत केला.

“हा बारा-तेरा आहे रे. चार वर्षं तिकडे काय करत होतास?”