समासातला सरदार

आजची सुट्टी केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं एक चर्मपत्री हस्तलिखित स्क्रीनवर मोठं करून बघण्यात गेली. भाजी आणायची राहिली ती राहिलीच.

युवेन्कस नावाच्या स्पेनमधल्या धर्मगुरूने इ.स. 330च्या सुमारास येशूचं चरित्र लॅटिन पद्यात लिहिलं. वृत्त रोमन महाकवी व्हर्जिलचं, ओळी तीन हजारांवर. शिकलेल्या रोमनांना शुभवर्तमानांची साधी भाषा रांगडी वाटायची, त्यांना हे पचायला सोपं. आपल्या फादर स्टीफन्सने 1616 साली ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत आणलं त्याच जातीचं हे काम, फक्त जवळजवळ तेराशे वर्षं आधीचं.

मी बघत होतो ती या काव्याची प्रत नवव्या शतकातली, वेल्समधली. नकलणाऱ्याचं नाव नुआदू, म्हणजे आयरिश वळणाचं. त्याच्यासाठी प्रार्थनेचे शब्दही आहेत. ओळींच्या मधे बारीक अक्षरात शब्दार्थ: लॅटिन, जुनी वेल्श, मधूनच आयरिश. अभ्यासाला घेतलेली पोथी, हे उघडच दिसतं.

पण मी अडकलो पानांच्या समासात. तिथे नंतर कुणीतरी वेल्श कविता उतरवून ठेवल्यात, आज टिकलेल्या सर्वांत जुन्या वेल्श कवितांपैकी. एकीत कुणी सरदार म्हणतो, आज रात्री मी बोलायचा नाही, माझ्याजवळ माणसं फार नाहीत. मी आणि माझा तो फ्रँक (फ्रँक जमातीचा माणूस), दोघंच हंड्याभोवती.

येशूच्या चरित्राशी काडीचा संबंध नाही! कंटाळलेल्या विद्यार्थ्याचं काम असावं, असं मला आपलं वाटतं. दुसरी कविता देवाच्या स्तुतीची आहे. ती उद्यावर ढकलली.