छत्री, बॉक्स आणि मधली वायर : आमची वाटचाल

आमच्या दुकानाची पाटी आजवर चार वेळा रंगवून झाली. १९९७ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत दहा बाय आठचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा तिच्यावर नुसतं ‘टीव्ही दुरुस्ती’ होतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात तीन वर्षं सोल्डरिंग केलं होतं, तेवढंच भांडवल. मग गावोगावच्या केबलवाल्यांच्या आठ फुटी जाळीच्या छत्र्या बसवायला लागलो आणि पाटीवर ‘डिश अँटेना’ आलं. २००३ मध्ये देशात डीटीएच, म्हणजे घरच्या छोट्या छत्रीवर थेट उपग्रहावरून चॅनल, सुरू झालं. आमच्याकडे त्याला खरा जोर आला तो २००६ नंतर. आमची गावं डोंगरउतारावर वाडीवाडीने विखुरलेली, दहा घरांसाठी दोन किलोमीटर वायर ओढणं केबलवाल्याला कुठून परवडणार? त्याने सोडलेल्या वाड्या आमच्या वाट्याला आल्या. पाटी तिसऱ्यांदा रंगवली.

त्या काळात दिवसाला पाच-पाच जोडण्या व्हायच्या. घाईत केलेल्या कामाचं बिल पुढे कधी ना कधी आपल्याच नावावर येतं, ते आमच्याही आलं.

गुहागर तालुक्यातलं एक चौसोपी घर. चार भाऊ मुंबईला, गावी म्हातारे आई-वडील. पडवीत एक टीव्ही, वर्षभर बिनतक्रार चालणारा. माजघरात आणि दोन खोल्यांत भावांनी आपापले टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स लावले होते, ते फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडायचे. छत्री एकच. २०११ च्या गणपतीत दुसऱ्या दिवशी फोन आला, “भाऊ, अर्धे चॅनल गेलेत.” चाळीस किलोमीटर गाडी मारून गेलो, तर सगळं व्यवस्थित. तरी एलएनबी, म्हणजे छत्रीसमोर बसवलेला सिग्नल पकडणारा डबा, बदलला. रात्री पुन्हा फोन. दुसऱ्या दिवशी जाऊन छत्री परत लावून घेतली, मीटरवर सिग्नल उत्तम. संध्याकाळी पुन्हा फोन. या वेळी आजोबा स्वतः बोलले : “तू येतोस तेव्हा चालतो, जातोस तेव्हा जातो. तूच इथे राहा.”

म्हणून राहिलो. आरती झाली, मोदक झाले, बायका-पोरं आपापल्या खोल्यांत गेली आणि टीव्ही लागले. मी पडवीत बसलो होतो. माजघरातला टीव्ही सुरू झाला त्या क्षणी पडवीतली मालिका गेली. क्रिकेट मात्र दिसत होतं. माजघरातल्या पोराला म्हटलं, बॉक्सचा प्लग काढ. मालिका परत. नुसतं रिमोटने बंद करून पाहिलं, तर पुन्हा गायब. तेव्हा डोक्यात उजेड पडला. दिवसा मी जायचो तेव्हा बायका चुलीपाशी आणि पुरुष देवळात असायचे, माझी सोय म्हणून कोणीतरी बाकीचे प्लग काढून ठेवायचं.

प्रकार असा. बॉक्स वायरीतून वर छत्रीकडे वीज पाठवतो. उभ्या लहरीचे चॅनल हवे असतील तर साधारण १३ व्होल्ट, आडव्या लहरीचे हवे असतील तर १८. एका तोंडाचा एलएनबी एका वेळी एकाचंच ऐकतो. मधे स्प्लिटर, म्हणजे एका वायरीला फाटे फोडणारा जोड, टाकून दोन बॉक्स जोडले की दोघेही एकाच कानात ओरडतात, आणि १८ वाला जिंकतो. पडवीतला बॉक्स १३ मागत राहतो आणि उभ्या लहरीचे सगळे चॅनल ‘सिग्नल नाही’ दाखवतात. पुष्कळ बॉक्स रिमोटने झोपवले तरी वर वीज देतच राहतात, म्हणून रिमोटने बंद करून काही फरक पडला नव्हता.

माळ्यावर चढून बॅटरी मारली. मधल्या तुळईला पिवळ्या पट्टीने बांधलेला स्प्लिटर. पिवळी पट्टी आमच्याच दुकानातली. दोन वर्षांपूर्वी मीच लावला होता, १२० रुपये घेऊन.

दुसऱ्या दिवशी चार तोंडांचा एलएनबी नेला आणि प्रत्येक खोलीला वेगळी वायर ओढली. सामानाचे पैसे घेतले, मजुरी आणि आधीच्या तीन खेपांचं पेट्रोल नाही. तरी मागच्या खोलीत आता उलट रडगाणं, आडव्या लहरीचे चॅनल येईनात. तिथली वायर जुनीच ठेवली होती, पन्नास मीटर, तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची. बॉक्स १८ देत होता, वर पोचत होते १४. एलएनबीला वाटायचं १३ च मागतायत. शिवाय छत्रीच्या नेहमीच्या आरजी-६ वायरीत वरच्या फ्रिक्वेन्सीला शंभर मीटरमागे तीसेक डीबी (सिग्नलचं माप) असाही जातो. ती वायर बदलली, वाट आखूड केली, तेव्हा कुठे घर शांत झालं.

त्या गणपतीनंतर दुकानाच्या वहीत बायकोने एक रकाना वाढवला : ‘किती टीव्ही चालू असताना?’ फोनवर पहिला प्रश्न तोच. दुसरा, सगळ्या खोल्यांत गेलं की एकाच? धो-धो पावसात सगळीकडे एकदम गेलं आणि सर ओसरली की आलं, तर आम्ही येत नाही, आकाशच आडवं आलेलं असतं. पाऊस उघडूनही दोन दिवस एकाच खोलीत त्रास असेल, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. उघडला की आत हिरवी भुकटी निघते. म्हणून एलएनबीपाशी वायरीला आधी खाली झोळ द्यायचा, पाणी तिथूनच टपकू द्यायचं. आणि मार्चच्या मध्याच्या आधी किंवा सप्टेंबर संपताना दुपारच्या आधी काही मिनिटं चित्र गेलं, तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे आलेला असतो. असे फोन आमच्याकडे फुकटात निघतात. मुलगा म्हणतो, दरवर्षीची एवढी व्हिजिट फी आपण पाण्यात घालतो. घालतो खरी.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, दापोली-मंडणगडकडच्या छत्र्या कौलांसकट उडाल्या. महिनाभर घरी फक्त झोपायला येत होतो. पुढच्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी दुकानात माळ्यापर्यंत चढलं. वायरीची बंडलं, साठेक बॉक्स, सगळा चिखल. मीटर स्कूटरच्या डिकीत आणि स्कूटर वरच्या आळीत, म्हणून तेवढा वाचला. वही बायकोने आदल्या रात्री घरी नेली होती. जुन्या गिऱ्हाइकांना त्या वहीवरूनच फोन केले, आणि पुष्कळांनी जुनी उधारी न मागता आणून दिली. चौथी पाटी त्याच पैशांतून रंगवली.

आता गावात फायबर आलंय, नव्या जोडण्या निम्म्यावर आल्यात. मुलगा वायफाय आणि कॅमेऱ्यांची कामं बघतो, छत्रीवर तोच चढतो, मी खाली मीटर धरून “थोडी डावीकडे” म्हणत राहतो. गुहागरच्या त्या घरी यंदा पाचवा टीव्ही आला. धाकट्या सुनेने फोन करून विचारलं, “काका, चाराचे पाच करायला एखादा छोटा स्प्लिटर नाही का चालणार?” मी फोन मुलाच्या हातात दिला.