तुम्ही विचारलंत म्हणून: विमानं बदलली, मग स्क्वाड्रन तीच कशी?

गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमान संग्रहालयात कुणाला घेऊन गेलो की सी हॉक या जुन्या लढाऊ जेटसमोर हा प्रश्न येतोच. व्हाइट टायगर्स, म्हणजे नौदलाची ३०० नंबरची स्क्वाड्रन (लढाऊ विमानांची तुकडी), आधी सी हॉक उडवायची, मग सी हॅरियर आणि आता मिग. जहाजं बदलली, माणसं केव्हाच निवृत्त झाली. मग ‘तीच’ म्हणायचं ते कशाला?

मी त्यांना आधी सी हॉकच्या मागच्या बाजूला नेतो. जेट म्हटलं की झोत शेपटाकडून निघणार अशी आपली समजूत. इथे तो दोन फाटे करून पंखांच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढलाय. वाकून पाहिलं तर शेपटाखाली दिसतो तो हूक. माझं उत्तर या हूकपाशी सुरू होतं.

स्क्वाड्रन उभी राहिली ७ जुलै १९६०ला, वेल्समध्ये ब्रॉडीच्या ब्रिटिश नौदल तळावर. तिचं विमानवाहू जहाज विक्रांत तेव्हा बेलफास्टच्या गोदीतच होतं. विक्रांत नौदलात आली ४ मार्च १९६१ला. १८ मे १९६१ला वैमानिक ताहिलियानींनी सी हॉक तिच्या डेकवर उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले. डेकवर आडवे पोलादी दोर ताणलेले असतात, त्यातला एक हूकने पकडायचा. आणि चाकं टेकली की वैमानिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, मागे घेत नाही, पुढे सारतो. हूक निसटला तर पुन्हा हवेत जायला जोर लागतो! उतरल्याची खात्री होईपर्यंत उडायच्या तयारीत राहायचं, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

१९७१मध्ये या कौशल्याची खरी कसोटी लागली. विक्रांतच्या बॉयलरला तडे गेले होते, चारातला एक बंद ठेवावा लागला, वेग घटला. जहाज वाऱ्याला तोंड देऊन जितक्या वेगाने जाईल तितका डेकवर वारा जास्त, आणि तितकं विमानाचं काम सोपं. इथे नेमका तो वेगच कमी! अशा अवस्थेत ४ डिसेंबरला बंगालच्या उपसागरातून सी हॉक उडाली, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझार आणि चितगावावर तुटून पडली. पुढचे दिवस खुलना, मोंगला असं चालूच राहिलं. काहींना विमानविरोधी तोफांचा मार लागला, पण शत्रूच्या माऱ्यात एकही गेलं नाही. स्क्वाड्रनप्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्तांना महावीर चक्र मिळालं. आपल्याकडे ७१चं नौदल म्हणजे कराचीवरच्या क्षेपणास्त्र नौका. त्यांचं मोल मोठं आहेच, पण पूर्वेकडचं हे काम झाकोळून गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डिसेंबर १९८३मध्ये सी हॅरियर आली आणि हूक गेला. इंजिनाच्या चार तोट्या खाली वळवायच्या, जहाजाच्या बाजूला हवेत थबकायचं, आडवं सरकत डेकवर यायचं, मग खाली. पुढे विक्रांतवरून विमान झटक्याने पुढे फेकणारा कॅटापल्ट निघाला, स्की-जंप, म्हणजे टोकाला वर वळलेला डेक, आला. दुसरी विमानवाहू नौका विराट तर १९८७मध्ये स्की-जंप घेऊनच आली. हॅरियर उडवायला अवघड. अपघातांत बरीच विमानं गेली, वैमानिकही गेले. या स्क्वाड्रनमध्ये तीसेक वर्षं दोर पकडून उतरायची विद्या वापरातच नव्हती. मिग घ्यायचं ठरलं तेव्हा आपले वैमानिक ती नव्याने शिकायला अमेरिकी नौदलाकडे गेले.

म्हणून ‘कौशल्य पिढ्यान् पिढ्या चालत आलं’ असं मी म्हणत नाही. ते मधे तुटलं होतं. न तुटलेली गोष्ट वेगळीच आहे. हवाई दलाचा वैमानिक उडतो तेव्हा त्याची धावपट्टी जागच्या जागी असते. या लोकांची धावपट्टी ते हवेत असताना मैलोगणती पुढे सरकलेली असते. इंधन संपायच्या आत ती शोधायची, आणि डोलत्या डेकवर उतरायचं. सी हॉक असो, हॅरियर असो, मिग असो, हे कुणाला चुकलेलं नाही. ज्यांना ते चुकत नाही त्यांची ही स्क्वाड्रन.

११ मे २०१६ला दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर हॅरियरना निरोप दिला गेला. त्याच दिवशी, त्याच ३०० नंबराखाली मिग-२९के आलं. त्याच्या शेपटाखाली पुन्हा हूक होता.