टक्क्यांत न मावणारा हृदयविकार

अँजिओग्राफी झाली की नातेवाईक डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती टक्के ब्लॉकेज आहे?’ हा. उत्तर ९० आले तर सगळे हादरतात आणि ३० किंवा ४० आले तर सुटकेचा निःश्वास टाकतात. या निःश्वासाची मला काळजी वाटते. अँजिओग्राफीत दिसते ती रक्त वाहण्याची मोकळी जागा. आजार असतो तो रोहिणीच्या, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या, भिंतीत, आणि त्या भिंतीत काय चालले आहे हे एकट्या आकड्यावरून कळत नाही.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिण्या जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांना आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते. जिथे रोहिणीला फाटे फुटतात किंवा ती वळण घेते, तिथे रक्ताचा प्रवाह घोटाळतो आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे कण अस्तराखाली शिरून अडकून राहतात. धूम्रपान, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे अस्तर दुखावते व ही शिरकावाची क्रिया आणखी सोपी होते. अडकलेल्या कणांत रासायनिक बदल होतात, त्यांना गिळून टाकण्यासाठी पांढऱ्या पेशी भिंतीत उतरतात, कोलेस्टेरॉल खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. त्यांच्या मरण्याने दाह वाढतो आणि आणखी पेशी तिकडे ओढल्या जातात. काही काळाने भिंतीच्या मधल्या थरातल्या स्नायुपेशी आत सरकतात आणि या सगळ्यावर तंतूंचे आवरण तयार करतात. मऊ, मेदाळ गाभा आणि त्यावर तंतुमय टोपी अशी ही रचना म्हणजे प्लाक. नळात साचणाऱ्या गाळाची उपमा यासाठी सर्रास दिली जाते, पण ती दिशाभूल करते, कारण गाळ नळाच्या पृष्ठभागावर बसतो आणि प्लाक भिंतीच्या आत, जिवंत पेशींच्या सहभागाने वाढतो.

ही वाढ फार लवकर सुरू होते. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सैनिकांचे सरासरी वय २२ वर्षे होते आणि तरीही सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयरोहिण्यांत या आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. पुढे १९८७ मध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: प्लाक वाढू लागला की रोहिणी बाहेरच्या बाजूला रुंदावते, त्यामुळे प्लाकने तिच्या आतल्या जागेचा सुमारे ४० टक्के भाग व्यापेपर्यंत रक्ताची वाट फारशी अरुंद होत नाही. म्हणजे बराचसा आजार अंगात असूनही अँजिओग्राफी जवळजवळ स्वच्छ दिसू शकते.

अरुंद झालेली वाट साधारण ७० टक्क्यांच्या पुढे गेली की श्रम करताना छातीत दडपण येते आणि विसाव्याने ते जाते, हा अंजायना. हृदयविकाराचा झटका बहुतेक वेळा वेगळ्याच मार्गाने येतो. प्लाकची टोपी पातळ होऊन फाटते, आतला गाभा रक्ताच्या संपर्कात येतो, रक्त गोठवणाऱ्या रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) तिथे गोळा होतात आणि काही मिनिटांत गुठळी होऊन रोहिणी बंद पडते. त्यापुढच्या स्नायूचे मरणे अर्ध्या तासाच्या आतच सुरू होऊ शकते. फाटणारा प्लाक हा सर्वांत मोठाच असतो असे नाही. पुष्कळ झटके आधी मध्यम किंवा किरकोळ वाटलेल्या जागी येतात. गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट (श्रम करताना हृदयाची केलेली तपासणी) व्यवस्थित आली होती, मग हे कसे झाले, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा इथे असते.

म्हणूनच २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या रुग्णांवरील तुलनात्मक अभ्यासाचा निष्कर्ष मला मुळीच आश्चर्यकारक वाटत नाही. प्रकृती स्थिर असलेल्या २,२८७ रुग्णांपैकी निम्म्यांना उत्तम औषधोपचार आणि उरलेल्यांना त्याच्या जोडीला अँजिओप्लास्टी (अरुंद रोहिणी फुग्याने रुंदावून बहुधा तिथे स्टेंट ही जाळीदार नळी बसवणे) देण्यात आली. मृत्यू आणि झटका यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. स्टेंट एक अरुंद जागा उघडतो, त्याने छातीतले दुखणे कमी होते आणि झटका चालू असताना तो प्राणही वाचवतो. पण इतर सगळ्या भिंतींतला आजार तो बरा करत नाही. त्या भिंतींसाठी एलडीएल किती वर्षे किती राहिले, हे निर्णायक ठरते. पीसीएसके९ या जनुकातल्या एका प्रकारच्या बदलामुळे काही लोकांचे एलडीएल जन्मापासूनच कमी राहते. २००६ च्या एका अभ्यासात अशा कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांचे एलडीएल सरासरी २८ टक्क्यांनी कमी होते आणि त्यांच्यात हृदयरोहिणीविकार तब्बल ८८ टक्क्यांनी कमी आढळला. एवढ्याशा फरकाचा एवढा मोठा परिणाम होतो, तो आयुष्यभराच्या कालावधीमुळे.

हाच प्लाक मानेतल्या रोहिणीत असेल तर त्यावरची गुठळी मेंदूत जाऊन पक्षाघात होतो, आणि पायांच्या रोहिण्यांत असेल तर थोडे चालल्यावर पोटऱ्या दुखू लागतात. पायांचे हे दुखणे वयाच्या खात्यावर टाकून देऊ नये, कारण अशा रुग्णाच्या हृदयरोहिण्याही बहुधा निरोगी नसतात. पक्षाघाताला इतरही वाटा आहेत. एट्रियल फिब्रिलेशन या ठोक्यांच्या अनियमिततेत डावे अलिंद, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा, नीट आकुंचन न पावता थरथरत राहते, त्याच्या कोपऱ्यात रक्त साकळते, आणि पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

उच्च रक्तदाबाचे काम आणखी संथपणे चालते. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता डाव्या निलयाची, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या खालच्या कप्प्याची, भिंत जाड आणि ताठर होते. ती पुरेशी सैल पडत नाही, त्यामुळे निलय नीट भरत नाही, मागचा दाब फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि जिना चढताना धाप लागते. हे हार्ट फेल्युअर आहे, आणि यात एकोकार्डिओग्राफीवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) हृदयाचे आकुंचन ‘नॉर्मल’ लिहून येऊ शकते. झटक्यानंतरचे हार्ट फेल्युअर याहून निराळे असते. तिथे मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो आणि आकुंचनच कमी पडते. दोन्हींत पायांवर सूज येते, दोन्हींत आडवे झाल्यावर श्वास कोंडतो, पण मुळे वेगळी असतात.

संधिवाताच्या तापानंतर होणाऱ्या झडपांच्या विकाराचा कोलेस्टेरॉलशी काही संबंध नसतो. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे घसा सुजतो, शरीराची प्रतिकारशक्ती त्या जिवाणूंबरोबर स्वतःच्या हृदयावरही चालून जाते, आणि डावे अलिंद व निलय यांच्यामधली मायट्रल झडप वर्षानुवर्षे जाड होत, कडांना चिकटत जाते. झडप अरुंद झाल्याचे कित्येकदा तरुणपणी, स्त्रियांच्या बाबतीत तर गरोदरपणात, हृदयावरचा भार वाढल्यावर लक्षात येते. घसा सुजला तेव्हाच पेनिसिलिन मिळाले तर बहुतेक मुलांना हा ताप येतच नाही. एकदा येऊन गेला असेल तर तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते, आणि मूल ठणठणीत दिसू लागले की तेच बंद होते, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत दुःखद वाटते.