मे महिन्यातला सिंहगड, सहा माणसं आणि एक नाडी

निकाल आधीच सांगते. मे महिन्यात सकाळी साडेदहाला आतकरवाडीतून सिंहगड चढायला घेऊ नका. 'तासाभरात वर' असं कुणी सांगितलं, तर तो स्वतः किती वाजता चढायला लागतो तेवढं विचारा. आमचे भाऊजी दर रविवारी जातात आणि खरंच तासाभरात वर पोचतात. पण ते पहाटे पाचला सुरुवात करतात, आणि त्यांच्या पाठीवर पुऱ्यांचा डबा नसतो. हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला दोन तास पन्नास मिनिटं लागली.

आम्ही सहा जण: मी, नवरा, मुलगी, सासरे (म्हणजे बाबा), नागपूरहून सुट्टीला आलेल्या नणंदबाई (म्हणजे ताई) आणि त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा. स्वारगेटहून सिंहगड पायथ्याची ५० नंबरची बस सात वाजता पकडायची ठरली होती. पोहे, आंघोळी आणि हरवलेली टोपी यात साडेआठ झाले. बस चांगली आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

सावली पहिल्या टप्प्यात थोडी, पुढे नाहीच. "हे काय ऊन आहे का? आमच्याकडे पंचेचाळीस असतं," असं ताई पहिली वीस मिनिटं म्हणत होत्या. नंतर त्या बोलायच्याच थांबल्या. नागपूरकर पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसलेले असतात, हे लक्षात ठेवा.

आता वाटेतल्या सगळ्यात अवघड टप्प्याबद्दल. निम्म्याहून जास्त चढून गेल्यावर वाट उभी होते आणि पायाखाली सुटा मुरूम येतो. पावसाळ्यात हीच वाट चिखलाची असते, पण निदान पाय रुततो तरी. मे महिन्यात मात्र नुसता घसारा, एक पाऊल वर आणि अर्धं खाली. तिथेच बाबांच्या डाव्या बुटाचा सोल सुटला. सुटला म्हणजे पुढून उघडला, प्रत्येक पावलाला आ वासायचा. बूट 'एकदम नवे' होते, कारण ते दहा वर्षं माळ्यावर होते. न वापरता ठेवलेल्या बुटाचा सोल आतून कुजतो, पावासारखा भुगा होतो. निघण्याआधी घरीच सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा. भेगा दिसल्या की बूट तिथेच सोडा, भावना मधे आणू नका.

बांधायला काही नव्हतं. शेवटी भाच्याच्या बर्म्युडाची नाडी काढली. पोरगं एका हाताने चड्डी धरून चढायला लागलं. दहा मिनिटांत नाडी दगडावर घासून तुटली, म्हणजे बूटही गेला आणि चड्डीही. बाबा वर बोट दाखवत म्हणाले, "तानाजीने रात्रीत कडा चढला, आणि तुम्हाला वाट चढवत नाही!" भाच्याने चड्डी सावरत विचारलं, "कोणत्या महिन्यात?" ४ फेब्रुवारी १६७०. बाबा गप्प. त्या क्षणापासून आम्हाला जे हसू सुटलं, ते काही केल्या आवरेना. ताई तर मुरमात फतकल मारून बसल्या.

पुढच्या वळणावर ताक विकणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी बाबांचा पाय बघितला, काही न विचारता टोपलीखालून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि बुटाला आडवी-उभी अशी करकचून आवळली. पैसे विचारले तर म्हणाल्या, "ताकाचे द्या. ट्यूबचे कसले?" आम्ही अकरा ग्लास प्यायलो. ती पट्टी घरी येईपर्यंत हलली नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत ट्यूबची एक पट्टी असते, आणि दोन मीटर नाडी. फेविक्विक नेऊ नका, मुरमाच्या धुळीत ते काही धरत नाही.

पाणी माणशी दोन लिटर घ्या. आमच्याकडे सहा जणांत चार बाटल्या होत्या.

वर पुणे दरवाजा, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, देवटाक्याचं थंड पाणी, तानाजींची समाधी. सगळं छान होतं. ते सगळ्यांना माहीत आहे.

उतरताना चालायची कुणाची तयारी नव्हती म्हणून जीप. हा दिवसातला दुसरा धडा. जीपवाल्याने आमच्याकडे एकदा नीट बघितलं: ट्यूब बांधलेले आजोबा, चड्डी धरलेला पोरगा, लालबुंद ताई. माणशी दीडशे म्हणाला. आम्ही दिले. आत बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी ऐंशी दिले होते, हे अर्ध्या घाटात कळलं. तेव्हा भाव आधीच बसलेल्यांना विचारा, जीपवाल्याला नाही. आणि विचारताना उभं राहायची ताकद आहे असं दाखवा.

रविवार असेल तर दुपारी तीनच्या आत परत फिरा. आम्ही पाचला निघालो आणि खडकवासल्याच्या चौपाटीवर अडकलो. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसरीकडे भजी आणि कणसांच्या गाड्या, मधे आमची बस, चाळीस मिनिटं जागची हलली नाही. भाच्याला बसायला जागा मिळाली नव्हती. वरचा दांडा धरायचा की चड्डी, हा प्रश्न त्याने प्रत्येक ब्रेकला नव्याने सोडवला. शेवटी एका अनोळखी काकूंनी पदराची पिन काढून दिली.

घरी आल्यावर मी डावा बूट कचऱ्यात टाकला. उजवा टाकायला गेले तर बाबांनी हातातून घेतला. "हा अजून चांगला आहे," म्हणाले. पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय.