तळमजल्यावरचे आजोबा आणि बोलोन्याचा चषक

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा राहतात. मी इटलीतल्या बोलोन्यात आलो त्याच महिन्यात त्यांनी जिन्यात गाठून विचारलं, "फुटबॉलमध्ये तुझी टीम कुठली?" म्हटलं, मी कोल्हापूरचा, आमची पाटाकडील. मग फोनवर शाहू स्टेडियमचा व्हिडिओ दाखवला. खच्चून भरलेल्या पायऱ्या, पेठेपेठेचे झेंडे, घसे बसेपर्यंत ओरडणारी पोरं. आजोबांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "मग तू युव्हेंटसवाला होणार नाहीस." युव्हेंटस म्हणजे इथला बडा क्लब. त्या दिवसापासून मी बोलोन्याचा.

बोलोन्या आज मोठ्या क्लबांत मोडत नाही, मधलाच क्लब; पण पूर्वी तसं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. लीग सात वेळा जिंकलीय. शेवटची १९६४ साली. त्या वर्षी बोलोन्या आणि इंटर यांचे गुण सारखे झाले, म्हणून ७ जूनला रोममध्ये एकच निर्णायक सामना खेळवला. सेरी आचा, म्हणजे इटलीच्या सगळ्यात वरच्या लीगचा, विजेता असा ठरला तो तेवढाच एकदा. सामना चार दिवसांवर असताना बोलोन्याचे अध्यक्ष रेनातो दाल्लारा हृदयविकाराने गेले, आणि त्या दुःखात टीमने इंटरला २-० हरवलं. आज स्टेडियमला त्यांचंच नाव आहे. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. वडिलांच्या मांडीला मांडी लावून त्यांनी तो सामना रेडिओवर ऐकला. पुढे १९९३ मध्ये याच क्लबचं दिवाळं निघालं आणि तो तिसऱ्या श्रेणीत गेला.

सामन्याच्या दिवशी आम्ही सारागोझा वेशीपासून कमानींखालून चालत निघतो. या कमानी थेट सान लूकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत जातात, एकूण ६६६. स्टेडियम वाटेतच लागतं. २०१९ मध्ये प्रशिक्षक सिनिशा मिहायलोविच यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं, तेव्हा चाहते याच वाटेने टेकडी चढून देवीपुढे प्रार्थना करायला गेले होते. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मला जोतिबाच्या पायऱ्या आठवल्या. मिहायलोविच २०२२ च्या डिसेंबरात गेले. त्यांचं नाव निघालं की आजोबा अजूनही थोडा वेळ गप्प होतात.

परवा व्हिडिओ कॉलवर दादा म्हणाला, "सारखं युव्हेंटस, इंटर, मिलानच जिंकतात. तुमच्याकडे ऑक्शन नसतं का रे?" नसतं, आणि सगळी मेख तिथंच आहे. आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींचीच होती. इथे पर्स सारखी नाही आणि ती सारखी करायची सोयही नाही. टीव्हीच्या हक्कांचे पैसे तर २०१० पर्यंत ज्याचे त्याने विकायचे, म्हणजे ज्याचे चाहते देशभर त्याची चंगळ. आता हक्क एकत्र विकतात आणि निम्मी रक्कम सगळ्यांत सारखी वाटतात. पण उरलेली निम्मी निकाल आणि चाहतावर्ग बघूनच जाते, वर युरोपातल्या स्पर्धांचा पैसा आहेच. २००२ ते २०२२ या काळात विजेतेपद युव्हेंटस, इंटर आणि मिलान सोडून कुणाकडेच गेलं नाही. २०२३ मध्ये नापोलीने ती साखळी तोडली. पण नापोलीही मोठंच शहर.

मधल्या क्लबाला वर चढता येत नाही असं नाही. बोलोन्या २०२३-२४ मध्ये पाचवी आली. त्या वर्षी इटलीला चॅम्पियन्स लीगमध्ये पाच जागा मिळाल्या होत्या, त्यामुळे साठ वर्षांनी गाव युरोपच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत पोचलं. खरा मार पुढच्या उन्हाळ्यात बसला. प्रशिक्षक थिआगो मोत्ता युव्हेंटसला गेले, खेळाडूंपैकी झिर्कझी मँचेस्टर युनायटेडला, कालाफिओरी आर्सेनलला. पेरलं आम्ही आणि मळणी दुसऱ्याच्या खळ्यात. मैदानावर अकरा विरुद्ध अकरा असतात हे खरं, पण मोठ्या आणि मधल्या क्लबातला हिशेब जून-जुलैत होतो, आणि त्याला टाळ्या वाजवायला कुणी नसतं. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

कोप्पा इतालिया, म्हणजे लीगखेरीज होणारी इटलीची चषक स्पर्धा, तिची रचनाही वरच्यांना धार्जिणी. आदल्या वर्षीचे पहिले आठ क्लब थेट शेवटच्या सोळांत येतात, लहान क्लब ऑगस्टपासून घाम गाळत असतात. २०२५ मध्ये या सवलतीचा फायदा आम्हालाही झाला, ते नाकारत नाही. आमच्यासमोर उपांत्य फेरीत आलं एम्पोली. त्या चिमुकल्या गावाच्या टीमने फिओरेंतिना आणि युव्हेंटस दोघांना बाहेर काढलं होतं. आम्ही त्यांना हरवलं आणि मे महिन्यात ते लीगमधूनही खाली गेले. त्या रात्री मला वाईट वाटलं. आजोबांनाही वाटलं.

१४ मेला रोममध्ये मिलानशी अंतिम सामना होता. आमचे नवे प्रशिक्षक व्हिन्चेन्झो इतालियानो फिओरेंतिनाबरोबर तीन अंतिम सामने हरून आलेले, त्यामुळे धाकधूक जास्तच. मी आजोबांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, लहानशा टीव्हीसमोर, टेबलावर तसाच पडलेला पावाचा तुकडा. ५३व्या मिनिटाला आमच्या एन्दोयेने गोल मारला. आजोबा उठले नाहीत. दोन्ही हात टेबलावर दाबून बसून राहिले, शेवटची शिट्टी वाजेपर्यंत. १९७४ नंतरचा पहिला मोठा चषक. मग म्हणाले, "चल, चौकात." माझ्या दंडाला धरून ते पियात्सा माज्जोरेपर्यंत आले. तिथे तरणीताठी पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती.

पुढे जुलैअखेर एन्दोये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. बातमी मीच आजोबांना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, घरच्या मैदानावरच्या पहिल्या सामन्याची तिकिटं काढलीस का? काढलीत, दोन. त्यांच्या गुडघ्यांमुळे हल्ली आम्ही अर्धा तास आधी निघतो.